पोरी पळताहेत, रस्ता मोकळा करा!

मराठीत ‘पोरगी पळाली’ या दोन शब्दांचा एकच अर्थ लोकांना ठाऊक आहे. म्हणून करवीर तालुक्यातल्या एका गावात नववी-दहावीच्या सात मुली पहाटे साडेपाचला रस्त्याने धावू लागल्या, तेव्हा पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने त्यांतल्या एकीला विचारले, “कुणासंगं पळालीस गं?” पारावरचे सगळे हसले. मुलगी थांबली नाही. परतीच्या फेरीला मात्र जाताजाता तिने उत्तर दिले, “सहा जणींसंगं.”

या मुलींना त्यांच्या शाळेचे क्रीडाशिक्षक क्रॉसकंट्री शिकवतात. मी शिकवत नाही. मी कोर्टात वकिली करणारी बाई. पण पहाटेच्या सरावाला मुलींबरोबर एक तरी मोठी बाई असलीच पाहिजे, असा आम्ही पहिल्याच दिवशी नियम केला, आणि ती बाई बहुतेक दिवस मी असते. मागे स्कूटर, पुढे सात मुली, आणि मध्येच शिट्टी वाजवणारे सर. दोन हंगाम हे पाहते आहे. त्यातून जे कळले ते चळवळीतल्या माणसांसमोर मांडावेसे वाटते, कारण आपण शिक्षण, नोकरी, राजकारण यांवर बोलतो, पण आपल्या मुलींच्या शरीरावर आणि त्यांच्या पायाखालच्या रस्त्यावर फारसे बोलत नाही.

क्रॉसकंट्री म्हणजे मैदानातल्या आखलेल्या पट्ट्यावर नव्हे, तर माळ, चढ, उतार, चिखल, बांध यांवरून धावणे. राष्ट्रीय स्पर्धेत अठरा वर्षांखालील मुलींना ४ किलोमीटर आणि वीस वर्षांखालील मुलींना ६ किलोमीटर धावावे लागते. कोल्हापूर हे कुस्तीचे आणि फुटबॉलचे गाव. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचे मैदान उभे केले, पेठापेठांत तालमी नांदल्या. त्या तालमींच्या उंबऱ्यापर्यंत मुली पोचल्या नाहीत. याच शहराच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली नेमबाजीत जागतिक अजिंक्यपद मिळवले. पण रायफल आणि काडतुसे विकत घेणे वस्तीतल्या कुठल्या बापाला परवडणार? मग सगळे म्हणतात, पळायला काय लागतं? पायच तर लागतात!

हे अर्धसत्य आहे.

आपल्या समाजाला पळणे नवीन नाही. महारकीच्या कामांत पळणे हेच मोठे काम होते. सरकारी कागद पुढच्या गावाला पोचवा, खजिन्याच्या सोबतीला चला, गावात कुणी मेले की रात्री-अपरात्री परगावच्या सोयऱ्याधायऱ्यांना सांगावा द्या, अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे पळा. ऊन, पाऊस, ताप, काही चालत नसे. वतनदार महार घरी नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी जुंपले जाई. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतने रद्द करून जमिनी त्या लोकांच्या नावे केल्या. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. तरीही मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने संपवणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. म्हणजे आज साठी-सत्तरीत असलेल्या आपल्या माणसांचे वडील या पळण्यातून गेलेले आहेत. माझ्या आजोबांच्या तोंडी ‘पळ’ हा शब्द हुकूम म्हणूनच यायचा. ते स्वतः आयुष्यात कधी हौसेने धावले असतील, असे मला वाटत नाही. धावून आल्यावर दम खात बसायचीही सोय नव्हती. बाहेरच उभे राहायचे, निरोप सांगायचा आणि परत फिरायचे.

त्यांच्या पणतीच्या वयाची मुलगी आज कुणाचाही निरोप न घेता, कुणासाठीही नव्हे तर स्वतःसाठी त्याच रस्त्याने पळते, तेव्हा पारावर हसू का फुटते, हे समजून घेतले पाहिजे.

भारतीय संविधानाचे कलम १५ आपण सगळे पाठ म्हणतो. पण त्याच्या दुसऱ्या उपकलमात बाबासाहेबांनी आणि संविधान सभेने विहिरी, तलाव आणि घाट यांच्याबरोबर रस्त्यांचाही शब्दशः उल्लेख केला आहे, हे किती जणांच्या ध्यानात आहे? चवदार तळ्याचे पाणी जसे आपले, तसा गावचा रस्ताही आपला. दुकानात, हॉटेलात, पाणवठ्यावर आपण हा हक्क बऱ्याच अंशी बजावला. रस्त्यावर मात्र आपली मुलगी अजून मान खाली घालून कडेकडेनेच चालते.

पहिल्या हंगामातली गोष्ट आहे. एक मुलगी रोज पिशवीत बूट घेऊन यायची. गाव संपले की ओढ्याच्या पुलावर बसून बूट घालायची आणि परतताना तिथेच काढून पुन्हा पिशवीत टाकायची. चारपाच दिवसांनी मी विचारले तर म्हणाली, “गावातनं घालून गेलो तर बोलत्यात, ताई.” (आमच्याकडच्या मुली ‘मी गेलो’, ‘मी आलो’ असेच बोलतात, पुण्याच्या वाचकांनी दुरुस्त करू नये.) काय बोलतात, ते तिने सांगितले नाही. सांगायची गरज नव्हती. पायात वहाण घालून पाटलाच्या वाड्यावरून जायची बंदी आजीने सोसली, आणि नातीने ती न सांगता पाळली. त्या दिवशी मी सातही मुलींना पुलावर बसवून ॲट्रॉसिटी कायदा सांगितला. २०१५ साली संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली, ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. त्या दुरुस्तीनुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यापासून, सायकल किंवा मोटारसायकलवर बसण्यापासून अडवणे हा गुन्हा आहे. देशाच्या संसदेला एकविसाव्या शतकात चपला-बुटांसाठी कायद्यात ओळ घालावी लागते, यावरून या देशाची प्रकृती कळते. दुसऱ्या दिवशी ती मुलगी घरातूनच बूट घालून आली. पुढे फारसे काही घडले नाही. कुणीतरी एकदा खोकले, एवढेच.

मोटारसायकलवाल्या पोरांचा त्रास मात्र झाला. दोन गाड्या रोज मागे यायच्या, कट मारायच्या, नावे घ्यायच्या. आम्ही चौकीत गेलो. तिथल्या साहेबांचा पहिला प्रश्न, “एवढ्या पहाटे पोरींना कशाला बाहेर काढता?” पहाटे पळायचे नाही, तर मग केव्हा? सकाळी घरचे पाणी, भांडी, शाळा, संध्याकाळी स्वयंपाक. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात उसाचा हंगाम सुरू झाला की दिवसभर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. मी साहेबांना शांतपणे सांगितले की मुलीचा वारंवार पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ चा विषय आहे, आणि या मुली अठरा वर्षांच्या आतल्या आहेत, त्यामुळे वाईट हेतूने केलेला असा पाठलाग पॉक्सो कायद्यातही बसतो. लेखी अर्ज दिला, पोच घेतली. पुढच्या दोन पहाटे एक महिला कॉन्स्टेबल आमच्याबरोबर आल्या. गाड्या बंद झाल्या. पालकांना माझे सांगणे आहे की तोंडी तक्रार करू नका. कागद द्या, शिक्का घ्या.

पॉक्सोचा विषय निघालाच आहे तर आपल्या बाजूचेही बोलू. प्रशिक्षक कितीही भला असो, मुलीला एकटीला सरावाला, मालिशला, बाहेरगावच्या स्पर्धेला त्याच्याबरोबर पाठवायचे नाही. आमच्या सरांनी हा नियम स्वतःहून मागितला, म्हणून मला त्यांच्याविषयी आदर आहे. जो प्रशिक्षक या नियमावर रागावतो, त्याच्याकडून मुलगी काढून घ्यावी.

“पोरीच्या जातीला एवढं पळवू नका, पुढं मूल व्हायला अडचण यायची,” असे एका मुलीच्या चुलतीने मला बजावले. तिला दोष देऊन उपयोग नाही. अख्ख्या युरोपची तीच समजूत होती. १९२८ साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. २ ऑगस्टला अंतिम शर्यत झाली. जर्मनीची लीना राडके पहिली आणि जपानची किनुए हितोमी दुसरी आली. नऊ जणी धावल्या, नऊही जणी शेवटपर्यंत पोचल्या. पण वर्तमानपत्रांनी छापले की बायका मैदानात कोसळून पडल्या! तेवढ्यावर ती शर्यत ऑलिंपिकमधून काढली, ती थेट १९६० मध्ये परत आली. बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडले. क्रॉसकंट्रीच्या जागतिक स्पर्धेत स्त्री-पुरुषांना सारखे १० किलोमीटर अंतर मिळाले ते २०१७ मध्ये.

त्याच १९२८ साली, ॲमस्टरडॅमच्या त्या शर्यतीच्या पाचच दिवस आधी, २८ जुलैला मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला पाठिंबा देत होते. बाईचे शरीर नाजूक म्हणून तिला कामावरून काढा, असे ते म्हणाले नाहीत. तिला रजा द्या, भत्ता द्या, तिच्या शरीराचा भार समाजाने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. मुलींना खेळ शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. पाळी आली म्हणून संघातून वगळायचे नाही आणि पाळी आलीच नाही असे समजून दामटायचेही नाही. आमच्या सरांना हा विषय मुलींशी बोलता येईना. मग एका वहीत मुलींनी स्वतःच तारखेपुढे टिंब द्यायचे ठरले. टिंब असेल त्या दिवशी कुणी किती धावायचे, ते तिचे ती ठरवते. सर फक्त वही बघतात.

मूळ प्रश्न पोटाचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. म्हणजे ज्या वर्षी मुलगी हायस्कूलच्या वरच्या वर्गात जाते, मोठ्या अंतराच्या शर्यतीला उभी राहते, त्याच वर्षी तिच्या ताटातली सरकारी खिचडी बंद होते. घरात अंडे आले तर ते आधी भावाच्या ताटात जाते. हे आपल्याही घरात होते, उगाच मनुवाद्यांकडे बोट दाखवू नये. आमच्या सात मुलींची प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी केली, तर चौघींचे रक्त कमी निघाले. सरांनी त्या चौघींचे धावणे दोन महिने निम्मे केले. लोहाच्या गोळ्या, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ आणि रोज एक अंडे सुरू झाले. अंड्यांचा खर्च विहारातल्या महिला मंडळाने उचलला. पावडरचे डबे घेऊन एक विक्रेता आला होता, त्याला चहा पाजून परत पाठवला.

शिकवण्याची पद्धत साधी आहे. आठवड्यातले बहुतेक दिवस मुली सावकाश धावतात. इतक्या सावकाश की धावता धावता भीमगीत म्हणता आले पाहिजे. आवाज तुटला की वेग जास्त झाला, असे सर समजतात. आठवड्यातून एकदा टेकडीचा चढ, एकदा माळावर वेगाने, आणि एक दिवस पूर्ण आराम. अंतर हळूहळू वाढवायचे. पहिल्या महिन्यात तर मुली अर्धा वेळ चालतच होत्या. अनेक प्रशिक्षक पहिल्या आठवड्यातच मुलींना उलटी येईपर्यंत पळवतात आणि ज्या टिकल्या त्या आपल्या म्हणतात. याला मी शिकवणे म्हणत नाही, गाळणी म्हणते. या देशाने आपल्याला पिढ्यान्पिढ्या याच गाळणीतून काढले आहे.

मला या खेळात सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यातली सांघिक गुणांची मोजणी. आंतरराष्ट्रीय क्रॉसकंट्रीत एका संघाच्या सहा जणी धावतात आणि त्यांतल्या पहिल्या चौघींचे क्रमांक बेरजेला धरतात. ज्या संघाची बेरीज कमी, तो विजयी. समजा, एका संघाच्या तिघी पहिली, दुसरी, तिसरी आल्या, पण चौथी चाळिसावी आली. बेरीज झाली ४६. दुसऱ्या संघाची एकही मुलगी पहिल्या सातांत नाही, पण चौघी आठवी, नववी, दहावी, अकरावी आल्या, बेरीज ३८. दुसरा संघ जिंकला! म्हणजे संघाचे नशीब पहिलीच्या हातात नसते, चौथीच्या पायांत असते. शालेय स्पर्धेत लोकांचे डोळे पहिल्या तिघींच्या पदकांवरच असतात, पण आमचे सर सरावात असेच गुण मोजतात.

आमची चौथी मुलगी चार भावंडांचे पाणी भरून, चूल पेटवून यायची. रोज दहा मिनिटे उशीर. शिस्तीच्या नावाखाली तिला काढायचे, असे पहिल्या हंगामात जवळजवळ ठरलेच होते. मग सरांनी बेरीज करून दाखवली. ती नसेल तर तिच्या जागी जी मोजली जाईल ती किती मागे असेल, ते मुलींना दिसले. दुसऱ्या दिवसापासून दोन मुली तिच्या घरी वीस मिनिटे आधी जाऊ लागल्या आणि तिघींनी मिळून पाणी भरून होऊ लागले. बंधुतेवर मी अनेक भाषणे दिली आहेत. त्या घागरींपुढे ती फिकी वाटतात.

पण सगळेच जमले, असे सांगणे खोटे होईल. पहिल्या हंगामातली सगळ्यांत वेगवान मुलगी आता संघात नाही. दहावी होताच तिला मामाच्या गावी नेले, स्थळ पाहिले, सुपारी फोडायची तयारी झाली. वय सोळा. मी तिच्या वडिलांना २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा दाखवला. लग्न पुढे ढकलले, पण मुलगी ना शाळेत परतली, ना माळावर. कायद्याने लग्न थांबवता येते. बापाच्या मनातली भीती कुठल्या कलमाने थांबवायची, ते मला अजून सापडलेले नाही.

“पळून मिळणार काय?” हा आयांचा प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या मुलींनी काय मिळवले ते पाहा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी कन्या कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. नाशिकच्याच संजीवनी जाधवने २०१८ मध्ये चीनमधल्या आशियाई क्रॉसकंट्री स्पर्धेत कांस्यपदक आणले. कविता आणि संजीवनी, दोघीही विजेंदर सिंग या प्रशिक्षकांच्या हाताखाली घडल्या. आमच्या शेजारच्या साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आधी खो-खो खेळायची. ती २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३ हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. राज्य शासनाने तिला थेट उपजिल्हाधिकारी केले, याचा आनंदच आहे. पण २०२४ साली कविता राऊतला जाहीरपणे विचारावे लागले की इतर खेळाडूंना वर्ग एकची पदे दिली, मग मला का नाही? हा प्रश्न आपण तिच्या एकटीवर सोडून दिला, ही चळवळीची चूक आहे.

आमच्या मुलींचे स्वप्न मात्र ऑलिंपिकचे नाही, पोलीस भरतीचे आहे. त्यात लाज काय? भरतीत मुलींना ८०० मीटर धावायचे असते आणि मैदानी परीक्षेच्या ५० गुणांपैकी २० गुण त्या एका धावण्याला आहेत. दोन वर्षे माळावर धावलेल्या मुलीला ८०० मीटर म्हणजे अंगणच. शिवाय राज्याच्या नोकऱ्यांत ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने खेळाडूंना ५ टक्के जागा आहेत. त्यासाठी तालुक्यातला क्रमांक पुरत नाही. वरच्या पातळीवरची कामगिरी आणि प्रमाणपत्राची पडताळणी लागते. म्हणून स्पर्धेचा प्रत्येक कागद जपून ठेवा.

इथे एक कायदेशीर मुद्दा आपल्या मुलींना घोकून घ्यायला सांगते. महिलांच्या आणि खेळाडूंच्या जागा हे समांतर आरक्षण आहे. महाराष्ट्रात १३ ऑगस्ट २०१४ च्या परिपत्रकाचा आधार घेऊन मागासवर्गीय मुलींना खुल्या गटातल्या महिलांच्या जागांवर गुणवत्ता असूनही घेतले जात नव्हते. खुला म्हणजे जणू सवर्णांसाठी राखीव! मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा अर्थ नाकारला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सौरव यादव खटल्यात स्पष्ट केले की खुली जागा सर्वांनाच खुली आहे, समांतर आरक्षणातही. अर्ज भरताना कुणी ‘तू तुझ्या कोट्यात जा’ म्हणाले, तर हा निकाल पुढे करा. इतके करून नाही ऐकले तर कोर्टात या. कोल्हापूरच्या वकिलांनी चार दशके आंदोलन केले, तेव्हा १८ ऑगस्ट २०२५ ला इथे सर्किट बेंच सुरू झाले. आता न्याय मागायला मुंबईची गाडी पकडावी लागत नाही.

आणि शेवटी आपल्या मंडळांविषयी. १४ एप्रिलला एका रात्रीच्या आवाजाच्या भिंतीला जे भाडे दिले जाते, त्यात एका संघाचे वर्षभराचे बूट, अंडी आणि प्रवासखर्च भागतो. हे मी जयंतीच्या बैठकीत बोलले, तर एक कार्यकर्ता म्हणाला, “वकीलताई, पोरींनी शिकावं, पळून काय बाबासाहेबांचं मिशन पुरं होणार?” मी त्याला पहाटे यायला सांगितले. तो आला, एक किलोमीटर त्यांच्याबरोबर धावला आणि बांधावर बसला. त्याच्या मंडळाने गेल्या महिन्यात चार जोड बूट दिले. सात मुलींपैकी दोघींचे जुने बूट अजून चालतील. पाच नंबरचा एक जोड कमी आहे.